कोणताही आकडा, कधीही

सोमवार, ३ फेब्रुवारी

दोन तास मीटिंग. विषय — डिव्हायडरचं नाव!

डिव्हायडर अजून पुरता तपासून झालेला नाही. नाव मात्र आजच हवं. टेबलाभोवती चौदा माणसं. त्यांतल्या अकरा जणांना हा डिव्हायडर नेमकं काय करतो ते ठाऊक नसावं, पण मत प्रत्येकाला होतं. साहेबांना 'बहुगुणी' हवं होतं. कोणीतरी म्हणालं, केसांच्या तेलासारखं वाटतं. मग 'सर्वांक' ठरलं. टाळ्या. मी वाजवल्या नाहीत. साहेबांनी पाहिलं. पाहू देत.

साहेब माझ्याहून एकोणीस वर्षांनी लहान. मला 'मॅडम' म्हणतात आणि माझं वाक्य अर्ध्यावर असतानाच 'बरोब्बर!' म्हणतात. उरलेलं अर्धं वाक्य मी घरी घेऊन येते.

अठ्ठावीस तारखेला आराखडा चिपच्या कारखान्यात पोचला पाहिजे. चुकलं तर पुढचा नंबर थेट जूनमध्ये. हे शेवटच्या दोन मिनिटांत सांगितलं. लोक तेव्हा वह्या मिटत होते.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

जाहिरातवाली बाई वही घेऊन आली. "मॅडम, लहान मुलाला सांगाल तसं सांगा."

सांगितलं. एक जण वेड्यासारखा धावतोय — सेकंदाला कोट्यवधी फेरे. दुसरा स्फटिक. संथ, पण वक्तशीर. धावणाऱ्याचे फेरे मोजायचे. एकशे वीस झाले की एक टिचकी. ती स्फटिकाच्या टिचकीबरोबर पडली तर ठीक. आधी पडली तर धावणाऱ्याला आवरायचं, उशिरा पडली तर हाकायचं. हे मोजणीचं काम डिव्हायडरचं. एकशे वीसच्या जागी एकशे एकवीस मोजायला सांगितलं की धावणाऱ्याला थोडं जोरात पळावं लागतं. म्हणजे रेडिओची वाहिनी बदलली. संपलं.

"म्हणजे आकडा बदलला की वाहिनी बदलते? कोणताही आकडा चालतो?"

"आठपासून एक हजार तेवीसपर्यंत कोणताही."

"आणि कधीही बदलता येतो?"

"कधीही," मी म्हणाले.

तिने डोळे मिटले, उघडले आणि वहीत लिहिलं — 'कोणताही आकडा, कधीही!' दुपारपर्यंत साहेबांनी त्याचा माणसाच्या उंचीचा फलक करायला टाकला.

बुधवार, ५ फेब्रुवारी

रचनेवरून शेवटचा हात फिरवला. नऊ घरं एका ओळीत. प्रत्येक घर आपल्याकडे आलेले ठोके दोनाने भागतं, सांगितलं तर एखाद्या वेळी तिनाने. अक्कल एवढीच. पण असली नऊ घरं नीट जोडली की हवा तो आकडा निघतो! आकडा लहान असेल तर मागची घरं लागत नाहीत. त्यांना मी झोपवते, म्हणजे त्यांच्यापर्यंत ठोके पोचूच देत नाही. वीज वाचते. मोठा आकडा आला की जागं करते. हे झोपवणं माझं स्वतःचं. अठ्ठावन्नाव्या वर्षी सुचलं. ऑफिसात म्हणणार नाही, म्हणून इथे लिहिते — छान आहे.

संध्याकाळी नणंदेचा फोन. "वहिनी, अजून ते डिव्हायडरचंच काम का?" तीस वर्षं तिला वाटतं मी रस्त्याच्या मधोमध कठडे बांधते. समजावणं सोडलंय. मागच्या महिन्यात तिच्या घरासमोरचा कठडा तुटला तर तिने मला कळवलं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

परतलेलीला सगळ्यांसमोर झापलं.

परतलेली म्हणजे नऊ वर्षं घरी राहून पुन्हा नोकरीला आलेली बाई. वय त्रेचाळीस. नाव ऑफिसने ठेवलंय. मी नाही ठेवलं, पण वापरते. माझ्या डिव्हायडरची तपासणी तिच्याकडे आहे. साडेपाचला उठते म्हणजे उठते. मीटिंग चालू असो नाहीतर आग लागलेली असो.

आमच्याकडे तपासणीचे अकरा नियम आहेत. बावीस वर्षांपूर्वी मी लिहिले. भिंतीवर काचेत लावलेत. चौथा — प्रत्येक आकड्याआधी रीसेट. नऊच्या नऊ घरं पुसून कोरी करायची, मग आकडा द्यायचा, मग मोजायचं. मागच्या आकड्याचं खरकटं पुढच्याला लागता कामा नये. एक हजार सोळा आकड्यांना अकरा तास लागतात. लागू देत.

हिने काय केलं? एकदाच रीसेट केलं आणि सगळे आकडे एकामागून एक सोडले. पाऊण तासात मोकळी! तेही ओळीने नाहीत.

"पिसून घातले," म्हणाली.

"पिसून? पत्ते आहेत का ते?"

"ओळीने घातले की पुढे काय येणार ते सगळ्यांना माहीत असतं, मॅडम. पिसले की कोणालाच नसतं."

"आणि रीसेट?"

"अकरा तास लागतात. मला पावणेसहाला मुलांना आणायचं असतं."

कोणीतरी फिस्सकन हसलं. मी नाही.

निकाल? एकशे त्रेसष्ट चुका! तेच एकशे त्रेसष्ट आकडे मी तिला लगेच नियमाने, एकेक रीसेट करून चालवायला लावले. दोन तासांत एकूणएक बरोबर निघाले. तिचा कागद मी चार तुकडे करून टोपलीत टाकला. "ही डिव्हायडरची चूक नाही, तुमची आहे," म्हणाले.

"बरं," म्हणाली. बरं! आमच्या वेळी अशा वेळी डोळ्यांत पाणी तरी यायचं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

परतलेलीचं सहा महिन्यांचं प्रोबेशन या अठ्ठावीसला संपतंय. कायम करायचं की नाही, त्या फॉर्मवर माझा शेरा हवा. जागा एक ओळ. लिहिलं — 'काम जलद. नियम पाळत नाही.' 'जलद' खोडणार होते. राहू दिलं. मी अन्यायी नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

परतलेलीने सगळे एक हजार सोळा आकडे नियमाने चालवले. चुका शून्य. एवढंच हवं होतं मला.

बुधवार, १२ फेब्रुवारी

साहेबांबरोबर गिऱ्हाइकाकडे. ते क्रेनचे रिमोट बनवतात. त्यांच्या पुढच्या रिमोटमध्ये आपला सर्वांक बसणार. आताचा कसा चालतो ते दाखवायला एका गोदामात नेलं. डोक्यावर लोखंडी तुळई, तिच्यावरून सरकणारी क्रेन. खाली पांढऱ्या मिशांचा चालक, कमरेला रिमोट बांधलेला. लाल बटण म्हणजे थांब.

साहेबांनी तो फलक बरोबर आणला होता. गोदामात! ग्रीसच्या पिंपाला टेकवून उभा केला.

त्यांच्या माणसाने समजावलं — गोदामात दहा यंत्रांचा गोंगाट, म्हणून नवा रिमोट एका वाहिनीवर बसून राहणार नाही. सेकंदाला दहा वेळा वाहिनी बदलेल. आकडे एकशे दहा ते एकशे पन्नास. ओळीने नाहीत, मागेपुढे कसेही.

मी विचारलं, "वाहिनी बदलताना मधे एकदा सगळं बंद करून नव्याने सुरू करणार ना?"

तो उत्तर देईपर्यंत चालकच म्हणाला, "बाई, वर बघा. तीन टन लटकतंय. त्याला काय सांगू — थांब हं राजा, जरा पाटी पुसून घेतो?"

सगळे हसले. साहेब सगळ्यात जास्त.

"आणि रिमोट क्षणभर मुका झाला तर?" मी.

"तर मी लाल बटण दाबतो आणि ती ऐकत नाही. आणि मग तिला ऐकू आलं की असा हिसका देते की खालचा माणूस पळतो. पळाला तर."

मी फलकाकडे बघत उभी राहिले. एकशे सत्तावीसपर्यंत सहा घरं पुरतात. एकशे अठ्ठावीस आला की सातवं जागं होतं. ते झोपी जाताना ज्या अवस्थेत होतं त्याच अवस्थेत जागं होणार! मधे कोणी पुसलेलंच नाही. पहिली मोजणी चुकणार. चुकली की धावणारा भडकणार, आणि तो ताळ्यावर येईपर्यंत रेडिओ मुका.

परतताना गाडीत साहेब म्हणाले, "मॅडम, आज तुम्ही फारच शांत."

"बरोब्बर," म्हणाले.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सकाळी सातला ऑफिसात. दिवे मीच लावले. स्वतः चालवलं. रीसेट एकदाच. आकडे पिसून.

एकशे एकोणसाठ चुका. सगळ्या एकाच जागी — लहान आकड्यावरून मोठ्यावर जाताना, झोपलेलं घर जागं होताना.

म्हणजे बावीस वर्षं आम्ही दर वेळी पाटी पुसत आलो आणि एकेक आकडा बरोबर आहे हे सिद्ध करत आलो. एका आकड्यावरून दुसऱ्यावर जाता येतं की नाही, ते कोणी पाहिलंच नाही. पाहू नये असा नियमच होता. काचेत लावलेला. माझ्या अक्षरात.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

कोणालाच सांगितलं नाही. साहेब मीटिंगमध्ये होते. परतलेली कामात होती. मी आकडेमोड पुन्हा तपासत होते. तीन सबबी. दुसऱ्या कोणी सांगितल्या असत्या तर पहिलीलाच दार दाखवलं असतं.

रविवार, १६ फेब्रुवारी

यांना सांगितलं. हे शब्दकोडं सोडवत होते.

"चूक कोणाची?"

"डिव्हायडरची."

"डिव्हायडर कोणाचा?"

"माझा."

"मग तसं म्हण की." पेन्सिल कानामागे ठेवली. "आणि त्या बाईंना काय बोलली होतीस?"

"झापलं होतं."

"सगळ्यांसमोर?"

"हो."

"मग आता —"

"कळतं मला!"

हे पुन्हा कोड्यात शिरले. थोड्या वेळाने म्हणाले, "चार अक्षरी शब्द हवाय. पहिलं अक्षर अ. माणसाला आतून पोखरतो."

मला येत होता. सांगितला नाही. पस्तीस वर्षं शाळेत शिकवून या माणसाची खोड गेलेली नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी

वाक्य पाठ करून तिच्या टेबलाशी गेले. तोंडातून आलं भलतंच.

"तुमचा तो कागद कुठे आहे?"

"तुम्ही फाडला, मॅडम."

"मग दुसरी प्रत ठेवायची नाही का? काय हा निष्काळजीपणा!"

"ठेवलीय," म्हणाली. खणातून काढून समोर ठेवली. गुळगुळीत, घडीसुद्धा नाही.

खुर्ची ओढून बसले. मग खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुमचं बरोबर होतं. माझं चूक. चौथा नियम चूक."

तिने कागदावरून बोट फिरवलं. "हे दीडशेवर आकडे मी घरी वाचत बसले होते. भाजी चिरताना. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. नऊ वर्षांत विसरले असेन." मग एकदम — "आता मला कायम करतील की कमी?"

विनोद आहे असं समजून मी हसले. ती नाही हसली.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

साहेबांना सांगितलं. प्रत्येक घर झोपतानाच पुसलं जाईल अशी सोय करायची. दर घराला दोन जास्तीची गेट, म्हणजे चिमुकली सर्किटं. फार नाही. पण मग आराखडा पुन्हा मांडायचा आणि पुन्हा सगळा तपासायचा. अकरा दिवस. त्यांतले शेवटचे चार दिवस कॉम्प्युटर एकटाच तपासत बसतो. त्याला रागावून उपयोग नाही.

साहेबांनी बोटांवर मोजलं. "उद्यापासून अकरा... एक मार्च. मॅडम, एका दिवसाने हुकतंय!"

"हो."

"हे तुम्हाला आज कळलं?"

"तेरा तारखेला कळलं."

पहिल्यांदाच त्यांनी माझं वाक्य पुरं होऊ दिलं.

तेराला सांगितलं असतं तर चोवीसला झालं असतं. सहाला तिचा कागद वाचला असता तर सतराला. ही दोन वाक्यं मी खोडणार नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

पुन्हा चौदा जण. मला वाटलं, आज तरी डिव्हायडरबद्दल बोलतील. बोलले. पहिला तास — याला 'चूक' म्हणावं का? साहेब म्हणाले, "मर्यादा म्हणू या." मागून कोणीतरी म्हणालं, "मर्यादा नको, उदास वाटतं. वैशिष्ट्य?" शेवटी 'सुरक्षित बदल पद्धत' हे नाव ठरलं. म्हणजे काय? माहितीपुस्तिकेच्या एकतिसाव्या पानावर एक ओळ — 'आकडा बदलण्यापूर्वी रीसेट करावे.'

"सेकंदाला दहादा? तीन टन लटकवून?" मी.

"मॅडम, क्रेन तशी हळूच चालते."

जाहिरातवालीने विचारलं, फलकावरचं 'कधीही' काढायचं का. साहेब म्हणाले, नको, फलक छापून झालाय. एक तारांकन टाकू.

टाळ्या.

गुरुवार, २० फेब्रुवारी

कॉम्प्युटरवर फॉर्म आला. तीन चौकटी. रचना — माझी सही. तपासणी — परतलेलीची. मान्यता — साहेबांची. पहिली भरल्याशिवाय दुसरी उघडत नाही.

"मी करणार नाही," म्हणाले.

"विचार करा, मॅडम."

"केला."

बरं वाटलं. फार दिवसांनी जेवताना चव लागली.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

मी आणि परतलेली दुरुस्ती करायला बसलोय. कोणी सांगितलेलं नाही. जून तर जून.

चांगली आहे. भराभर बघते, आणि जिथे मी 'हे ठीकच आहे' म्हणते तिथे हटकून थांबते. चहा पिताना विचारलं, इतकी वर्षं घरी राहून पुन्हा का आलात?

"तेरा मुलाखती दिल्या, मॅडम. तेरा ठिकाणी एकच प्रश्न — मधल्या नऊ वर्षांत काय केलंत? मी सांगायचे, दोन पोरं रोज सकाळी रीसेट करत होते."

"हसले का ते?"

"एकही नाही. इथे साहेब हसले. म्हणून लागले." कप खाली ठेवला. "चौदावी द्यायचं बळ नाही आता. खरं सांगते."

साडेपाच वाजले. उठली. मी घड्याळाकडे बघितलं नाही.

सोमवार, २४ फेब्रुवारी

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. पाणी विचारलं. पाणी विचारलं की समजावं.

सर्वांक अठ्ठावीसला गेला नाही तर विभागातली एक जागा वरून कापणार. शेवटी आलेली पहिली. "माझ्या हातात नाही, मॅडम. आणि त्यांच्या फाइलमध्ये शेराही बरा नाही."

"कोणाचा शेरा?"

फाइल माझ्याकडे वळवली. 'काम जलद. नियम पाळत नाही.'

"मी तो मागे घेते."

"शेरा मागे घ्यायची सोय नाही. जास्तीचा शेरा जोडता येतो, पुढच्या वर्षी." मग अगदी मऊ आवाजात — "तुम्हाला दोन वर्षं राहिली. तुम्हाला कोण हात लावणार? मी त्यांचं म्हणतोय."

हा माणूस मूर्ख आहे असं मी चार वर्षं समजत होते. नाही.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

गिऱ्हाइकाला स्वतः फोन केला. त्यांचा माणूस म्हणाला, "हो हो, साहेबांनी कळवलंय. सुरक्षित बदल पद्धत ना? आवडलं आमच्या वरच्यांना. आम्ही पण आमच्या पत्रकात टाकतोय."

"पद्धत नाही हो ती. चूक आहे!"

"मॅडम, तुम्ही नम्र आहात," म्हणाला.

अठ्ठावन्न वर्षांत मला नम्र म्हणणारा हा पहिला.

बुधवार, २६ फेब्रुवारी

परतलेली दुरुस्तीत गुंग. गुणगुणत होती. जागेचं तिला अजून माहीत नाही. सांगावं का? सांगितलं तर तिच्यावर ओझं. त्यापेक्षा आपणच निस्तरलेलं बरं. कागद मी फाडला. शेरा मी लिहिला. पाच दिवस मी गप्प बसले. तिने काय केलं? पत्ते पिसले!

यांनी विचारलं, "मग काय ठरलं?" म्हटलं, "बघते." हे म्हणाले, "त्यांना विचारलंस?" म्हटलं, "त्यांना काय विचारायचं त्यात?" आज कोडं नव्हतं हातात, तरी हे पेन्सिल टोकायला बसले.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

सौदा केला. कधी केला नव्हता, पण जमतं म्हणायचं.

सहीच्या बदल्यात माझ्या तीन अटी. एक — परतलेलीला कायम केल्याचं पत्र आजच, साहेबांच्या सहीचं. दोन — दुरुस्त केलेला सर्वांक जूनमध्ये जाणार, आणि गिऱ्हाइकाला तोपर्यंत फक्त नमुने, क्रेनवर बसवायचे नाहीत. तीन — एकतिसाव्या पानावरची ओळ पहिल्या पानावर, लाल चौकटीत.

एक मान्य. दोनला साहेब 'बरोब्बर' म्हणाले, लिहून दिलं नाही. तीन मान्य, पण पुस्तिका एकाच रंगात छापतात. काळ्या. म्हणजे काळी चौकट. शोकसंदेशासारखी! बरंच आहे, म्हटलं.

कायम केल्याचं पत्र माझ्यासमोर टाइप झालं. माझ्यासमोर सही झाली. ते मी तिच्या खणात ठेवलं. ती साडेपाचला गेली होती.

पावणेसहाला रचनेच्या चौकटीत सही केली. बत्तीस वर्षांत एकही खोटी नव्हती. नेहमीसारखीच सरळ आली, त्याचंच नवल वाटतंय. दुसरी चौकट उघडली. ती उद्या सकाळी येईल, पत्र बघेल, सही करेल. करायलाच हवी. आता अडलंय काय?

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

सव्वानऊला आली. खण उघडला. पत्र वाचलं. फॉर्म उघडून वरची सही बघितली — बराच वेळ. माझ्याकडे बघितलं नाही. कायम केल्याचं पत्र उलटं करून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं आणि साहेबांच्या टेबलावर ठेवून गेली. 'डिव्हायडर बरोबर नाही. तपासला असं मी लिहिणार नाही. उद्यापासून येत नाही.'

साहेब म्हणाले, "मग तपासणीच्या चौकटीतही तुम्हीच सही करा, मॅडम. एक तर झालीच आहे."

झालीच आहे. तिच्यासाठी केली. तिला न विचारता.